गिरणी-कांडपाला नवं गिऱ्हाईक हवंय? फ्लेक्स लावण्याआधी ही बिनखर्ची कामं करा

मार्च ते मे म्हणजे गावोगावी उन्हाळी कामांची घाई. वर्षाचं तिखट, हळद, मसाला, पापड-कुरडईची तयारी याच दिवसांत होते. पीठ गिरणी आणि मिरची कांडप चालवणाऱ्याची वर्षाची मोठी कमाईही याच काळात. या दिवसांत गिऱ्हाईक तालुक्याच्या गावाला गेलं, तर वर्षाचं तिखट तिकडेच होतं. मग ते थेट पुढच्या उन्हाळ्यात हाताला लागणार.

म्हणून बरेच जण चौकात फ्लेक्स लावतात. आधी हिशोब करून बघा. समजा फ्लेक्सला ३,००० रुपये गेले आणि किलोमागे ५ रुपये सुटतात. तर नुसता फ्लेक्सचा खर्च काढायला ६०० किलो जादा माल कुटावा लागेल. त्याआधी खालची कामं करावीत. त्यांना पैसे कमी आणि लक्ष जास्त लागतं.

१. भेसळीची शंका काढा
बायकांची पहिली तक्रार असते, "आधीच्या बाईची मिरची आमच्यात आली." प्रत्येक घाण्यानंतर कांडप गिऱ्हाइकासमोर झाडून द्यावं. उपवासाच्या पिठाला (राजगिरा, भगर, साबुदाणा) आठवड्यातला एक वार ठरवावा. त्या दिवशी गिरणी धुऊन-पुसून आधी तेच दळावं. आषाढी, श्रावण आणि नवरात्राच्या तोंडावर हा वार सगळ्यांना कळवावा. एवढ्या एका सोयीसाठी शेजारच्या वाडीवरून माणूस येतो.

२. दर आणि वजन उघडं ठेवा
किलोचा दर पाटीवर लिहावा. वजनकाटा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवावा. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून तपासणी व मुद्रांकन करून घ्यावं लागतं. ते प्रमाणपत्र भिंतीवर लावावं. आणलं किती आणि नेलं किती, दोन्ही वजनं चिठ्ठीवर द्यावीत. दळताना थोडी घट येते, तीही आधीच सांगावी.

३. पाटी नीट लिहा
महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असणं सक्तीचं आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हा नियम लागू झाला. पाटीवर नाव, काय काय दळून-कुटून मिळतं, वेळ आणि मोबाईल नंबर एवढं पुरे. रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याला वाचता आलं पाहिजे.

४. लाईटची खबर फोनवर द्या
डोक्यावर पोतं घेऊन यायचं आणि लाईट नाही म्हणून परत जायचं, याला लोक कंटाळतात. व्हॉट्सअॅप बिझनेस हे अॅप फुकट आहे. त्यात दुकानाची वेळ, पत्ता आणि दर टाकता येतात. "लाईट आहे, गिरणी चालू," एवढं स्टेटस रोज ठेवावं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्याने आपला नंबर सेव्ह केला आहे त्यालाच निरोप पोचतो. म्हणून गिऱ्हाईक समोर असतानाच नंबर सेव्ह करून घ्यावा. गर्दीत फोनवरच नंबर लावून वेळ द्यावी.

५. गुगल मॅपवर नाव टाका
यालाही पैसे लागत नाहीत. पडताळणीसाठी गुगल दुकानाचा व्हिडिओ मागू शकतं. पाटी, मशीन आणि समोरचा रस्ता त्यात दिसू द्यावा. सुट्टीला गावी आलेली पुण्या-मुंबईची माणसं फोनवरच "मिरची कांडप" शोधतात.

६. बचत गटांना भेटा
पापड-मसाला करणाऱ्या गटाचं एक काम म्हणजे दहा घरांची ओळख. गटाच्या बैठकीला जाऊन दर आणि वेळ सांगावी. पहिल्या खेपेला थोडं कुटून दाखवावं. तयार मसाला स्वतः पाकिटात विकायचा असेल तर मात्र अन्न सुरक्षा नोंदणी करावी. पाकिटावर तो क्रमांक, वजन, किंमत आणि पॅकिंगची तारीख छापावी.

हे टाळा
- उधारीचं आमिष: उधारीवर आलेलं गिऱ्हाईक बाकी वाढली की रस्ता बदलतं. पैसेही जातात आणि माणूसही.
- दर पाडणं: शेजारचाही दर पाडतो आणि दोघंही मरतात.
- "गुगलवर वर आणतो" म्हणणारे फोन: पैसे भरू नका, ओटीपी देऊ नका. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कोणी पिन टाकायला सांगितलं तर ती फसवणूक समजावी.

शेवटी वही
नवीन माणूस आला की विचारावं, "आमचं नाव कुणी सांगितलं?" उत्तर वहीत लिहावं: शेजारीण, पाटी, फोन, गट. मे अखेर ती पानं मोजली की कशामुळे गिऱ्हाईक आलं ते कळतं. पुढच्या हंगामात खर्च करायचाच झाला, तर तिथेच करावा. आणि ज्या जुन्या गिऱ्हाइकाचं नाव वहीत सारखं येतं, त्याचा एखादा घाणा बिनपैशाचा कुटून द्यावा.