पाटीवरचे चित्र कोणी काढले?

वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी "तुम्हीही काहीतरी लिहून द्या" असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याचा सराव म्हणजे वाण्याची यादी आणि भिशीचा हिशेब. परंतु यंदा मंडळाच्या हस्तकला प्रदर्शनाचा फलक व निमंत्रणपत्रिका तयार करण्याचे काम माझ्या मुलीकडे आले आणि त्या निमित्ताने एका परदेशी बाईची हकीकत माझ्या कानी पडली. ती आपल्या भगिनींना सांगावी असे वाटले, म्हणून हे धाडस.

माझी मुलगी उपयोजित चित्रकला शिकते. हल्ली त्याला ग्राफिक डिझाइन असेही म्हणतात. दुकानाची पाटी, पुस्तकाचे मुखपृष्ठ, औषधाच्या खोक्यावरची अक्षरे, रस्त्यावरच्या खुणा, हे सारे कोणीतरी बसून, विचार करून आखलेले असते. आपण ते दिवसातून शंभरदा पाहतो, पण आखणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. आणि आखणारी बाई असली, तर मग विचारायलाच नको!

मुलीने फलकाचा पहिला नमुना काढला. गुलाबी रंग, भोवती वेलबुट्टी आणि मध्ये नथ घातलेला एक सुरेख मुखडा. मला तर फारच आवडला. पण तिलाच तो पसंत पडेना. ती म्हणाली, "आई, यात बाई दिसते, पण ती काय करते ते कुठे दिसतं?" मी म्हटले, "अगं, महिला मंडळाचं प्रदर्शन आहे, बाई दिसली की झालं!" तेव्हा तिने मला मार्गारेट कॅल्व्हर्ट यांची गोष्ट सांगितली.

या बाईंचा जन्म १९३६ साली दक्षिण आफ्रिकेत दरबान येथे झाला. १९५० साली त्या इंग्लंडला आल्या आणि पुढे लंडनच्या चेल्सी कलाशाळेत शिकू लागल्या. तेथे जॉक किनीर नावाचे शिक्षक होते. त्यांना गॅटविक विमानतळाच्या पाट्यांचे काम मिळाले, तेव्हा त्यांनी या हुशार विद्यार्थिनीला मदतीस घेतले. त्या सुमारास इंग्लंडात मोठे मोटाररस्ते बांधण्याचे घाटत होते. पहिला रस्ता प्रेस्टन गावाजवळ १९५८ च्या डिसेंबरात खुला झाला. वेगाने जाणाऱ्या मोटारीतून वाचता येतील अशा पाट्या हव्या होत्या. जुन्या पाट्या नाना तऱ्हांच्या, एकीचा दुसरीशी मेळ नाही. हे काम किनीर यांच्याकडे, म्हणजे पर्यायाने या दोघांकडे आले.

इंग्रजीत मोठी आणि लहान अशी दोन प्रकारची अक्षरे असतात. दोघांनी ठरविले की गावाचे नाव सगळे मोठ्या अक्षरांत लिहावयाचे नाही. पहिले अक्षर मोठे आणि बाकीची लहान. कारण लहान अक्षरांत काही वर जातात, काही खाली उतरतात, त्यामुळे शब्दाला स्वतःचा आकार येतो. आपणही एस.टी.ची पाटी लांबून अक्षर अक्षर लावून कोठे वाचतो? काना, मात्रा, वेलांटीच्या ठेवणीवरूनच आपले गाव ओळखतो की नाही? तसेच हे. पुढे सर्वच रस्त्यांच्या पाट्या नव्याने करावयाच्या ठरल्या आणि १ जानेवारी १९६५ पासून त्या साऱ्या ब्रिटनमध्ये लागू झाल्या. चित्रांच्या खुणा प्रामुख्याने कॅल्व्हर्टबाईंच्या हातच्या.

त्यांतली एक खूण मला फार आवडली. शाळेजवळच्या जुन्या पाटीवर टोपी घातलेला मुलगा पुढे होता आणि लहान मुलीला हाताला धरून नेत होता. कॅल्व्हर्टबाईंनी ते पालटले. त्यांच्या पाटीवर मुलगी मोठी आहे आणि ती धाकट्या मुलाला सांभाळून नेते. ही मुलगी त्यांनी आपल्या लहानपणीच्या एका छायाचित्रावरून काढली. भगिनींनो, धाकट्या भावंडाचे बोट धरून रस्ता ओलांडणारी थोरली बहीण आपल्यापैकी कोण नव्हती? गुरांच्या पाटीवरची गायही त्यांच्या नातलगांच्या शेतावरची. तिचे नाव पेशन्स, म्हणजे सबुरी. घरातलीच चित्रे अशी देशाच्या रस्त्यावर गेली.

किनीर यांचेही मला कौतुक वाटते. १९६४ साली त्यांनी या विद्यार्थिनीला भागीदार केले आणि कचेरीच्या नावात तिचे नाव घातले. तरीसुद्धा लाखो लोक रोज त्या पाट्या पाहून गाड्या हाकीत, त्यांतल्या कितींना ठाऊक असेल की हे एका बाईचे काम आहे?

२०२० साली लंडनच्या डिझाइन म्युझियममध्ये कॅल्व्हर्टबाईंच्या कामाचे प्रदर्शन भरले. प्रदर्शनाला नाव हवे, आणि दारावरून जाणाऱ्याला क्षणात ओळख पटेल असे काही हवे. रस्त्याचे काम चालू असले की फावडे घेतलेल्या माणसाची त्रिकोणी पाटी लावतात, ती आपल्याकडेही आहे. तिला इंग्रजीत 'मेन ॲट वर्क' म्हणतात, म्हणजे 'पुरुष कामावर आहेत'. ते चित्रही याच बाईंचे. (तो माणूस छत्री उघडायची खटपट करतो आहे असे लोक थट्टेने म्हणतात!) प्रदर्शनाचे नाव ठेवले 'वुमन ॲट वर्क', म्हणजे 'बाई कामावर आहे'. एक शब्द बदलला आणि सगळे सांगून झाले. वेलबुट्टी नको की नथ नको. त्या वेळी बाईंचे वय ८४ होते, आणि तेथील रेल्वेसाठी त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर नवी अक्षरे तयार केली होती, तीही प्रदर्शनात मांडली होती. म्हणजे 'कामावर आहे' हे अक्षरशः खरे!

याहून जुनी एक गोष्ट मुलीने सांगितली. बिॲट्रिस वॉर्ड नावाच्या अमेरिकन बाई छापखान्याच्या अक्षरांच्या मोठ्या जाणकार. १९२६ साली त्यांनी या विषयावर एक विद्वत्तापूर्ण लेख लिहिला, पण पॉल बोझों असे पुरुषाचे नाव घेऊन. लेख वाचून लंडनच्या मोनोटाइप कंपनीने १९२७ साली त्या 'गृहस्थां'ना नोकरी देऊ केली, आणि दारात उभी राहिली एक बाई! मोनोटाइप आणि लिनोटाइप या दोन्ही कंपन्यांत अक्षरांची मोठी रेखाटने करणाऱ्यांत पुष्कळ स्त्रिया होत्या. अक्षराला नाव मिळे ते मात्र दुसऱ्याचे. या स्त्रियांचा शोध घेण्याचे काम २०१८ साली रेडिंग विद्यापीठात फिओना रॉस यांच्या पुढाकाराने सुरू झाले. या बाई स्वतः लिनोटाइपमध्ये बंगाली, देवनागरी अशा आपल्या लिपींची अक्षरे करणाऱ्या विभागाच्या प्रमुख होत्या. म्हणजे आपली पोथी-पत्रिका छापण्याच्या कामातही बायकांचे हात आहेत.

हे ऐकले आणि मला आपल्या मंडळाची खूण आठवली. समईभोवती सुईदोऱ्याचे वेटोळे. पावतीपुस्तकावर, पत्रावर, बॅनरवर, सगळीकडे तीच. ती कोणी काढली? मी जुनी वही चाळली. ठसा करविल्याचा खर्च पैन् पै लिहिलेला आहे, चित्र कोणाचे ते नाही. चौकशी करता करता कळले की मागच्याच गल्लीतल्या एका काकूंनी ते काढले होते. मी त्यांच्याकडे गेले. म्हटले, "काकू, तुम्ही कधी बोलला नाहीत!" त्या म्हणाल्या, "अगं, भाजी शिजेस्तोवर पिठाच्या कागदावर काढलं होतं. त्याला काय नाव लावायचं?" मग थोडे थांबून म्हणाल्या, "दोरा डावीकडून वळायला हवा होता. ठसा करणाऱ्याने उलटा केला." इतक्या वर्षांत ती चूक त्या रोज पाहत होत्या आणि सांगायला कोणी विचारलेच नव्हते! मला फार लाज वाटली. ती वही गेली पाच वर्षे माझ्याच कपाटात आहे.

असो. यंदाच्या फलकावर मुखडा नाही. चिमटीतून रांगोळी सोडणारी पाच बोटे आहेत आणि खाली पडलेला एकच ठिपका. लांबून पाहिले तरी कळते की काम चालू आहे. प्रदर्शनात प्रत्येक वस्तूखाली करणारीचे नाव लिहावयाचे असे कार्यकारिणीने ठरविले आहे, लोणच्याच्या बरणीखालीसुद्धा. समईभोवतीचा दोरा काकूंच्या मनाप्रमाणे डावीकडून वळविला आहे, आणि त्यांचे नाव या अंकाच्या पहिल्याच पानावर छापण्याचे चिटणीसबाईंनी कबूल केले आहे. म्हणून मी ते येथे पुन्हा लिहीत नाही. भगिनींनी पान उलटून अवश्य पाहावे.

लिहिण्यात काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे. मात्र प्रदर्शनाला येताना रस्त्यात शाळेजवळची त्रिकोणी पाटी लागेल, तेथे क्षणभर थांबून मुलांना सांगा, की अशी चित्रे कोणीतरी बसून काढलेली असतात, आणि ती काढणारी बाईही असू शकते.