राजयक्ष्मा आणि थोरले माधवराव

थेऊर येथील चिंतामणीच्या देवळांत १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थोरल्या माधवराव पेशव्यांनीं देह ठेवला, तेव्हां त्यांचें वय अवघें सत्तावीस वर्षांचें होतें. पानिपताच्या संहारानंतर, १७६१ सालीं, सोळाव्या वर्षीं त्यांनीं पेशवाईचीं वस्त्रें घेतलीं. १७६३ त राक्षसभुवन येथें निजामाचा पराभव केला, हैदरअल्लीवर एकामागून एक स्वाऱ्या केल्या, आणि १७७२ च्या आरंभीं मराठी फौजांनीं शहाआलम बादशहास दिल्लीच्या तख्तावर पुनः बसविलें. राज्याचा असा जीर्णोद्धार होत असतां धन्याचें शरीर मात्र आंतून पोखरत होतें. कर्नाटकाच्या शेवटच्या स्वारींतून प्रकृतीमुळें त्यांस परतावें लागलें व मोहीम त्रिंबकराव पेठे यांच्या हवालीं करावी लागली.

त्यांच्या दुखण्यास इतिहासांत राजयक्ष्मा हेंच नांव मिळालें आहे. रोग आंतड्यांपर्यंत पोंचला होता, असेंहि सांगतात. हें नांव फार जुनें. दक्षाच्या शापानें चंद्र क्षीण होऊं लागला, ही कथा त्याच्याच भोंवतीं गुंफलेली आहे. चरकसंहितेनें या रोगाचीं चार कारणें दिलीं: शक्तीबाहेरचें साहस, वेगांचें दमन, धातूंचा क्षय व विषम आहार. छावणीच्या जीवनांत यांतलें कोणतें चुकतें? परंतु निरीक्षण मार्मिक असूनहि मूळ शत्रु डोळ्यांआडच राहिला.

तो शत्रु, म्हणजे क्षयाचा जंतु, २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांनीं जगापुढें मांडला. हे जंतु श्वासावाटे फुप्फुसांत शिरतात. शरीर बहुधा त्यांस तेथेंच कोंडून ठेवतें. ही कोंडी फुटून ते रक्तांत मिसळले, म्हणजे यकृत, प्लीहा, हाडें, मेंदूचीं आवरणें, जेथें रक्त जाईल तेथें ठाण मांडतात. राळ्याच्या दाण्यांसारख्या असंख्य बारीक गांठी सर्वत्र उठतात. अशा रोग्यास पुष्कळदां खोकला नसतो. रेंगाळणारा ताप व घटतें वजन एवढीच खूण. म्हणून निदानास उशीर होतो, आणि मेंदूवर घाला पडला तर हातीं वेळ उरत नाहीं.

माधवरावांच्या मागें रमाबाई सती गेल्या. नऊ महिन्यांनीं, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, धाकटे बंधु नारायणराव शनिवारवाड्यांत मारले गेले, आणि पुढील गृहकलहांत इंग्रजांस शिरकाव मिळाला. क्षयावरील पहिलें परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सांपडलें १९४३ सालीं; पेशव्यांस तें एकशें एकाहत्तर वर्षें उशिरां!

आज बहुतेक क्षयरोगी सहा महिन्यांच्या औषधांनीं बरे होतात. मेंदूच्या व हाडांच्या क्षयास अधिक काळ लागतो. १९२१ पासून चालत आलेली बी. सी. जी. लस तान्ह्या मुलांस मुख्यतः याच सर्वांगांत पसरणाऱ्या क्षयापासून राखते. पेशव्यांच्या दौलतीस जें विकत घेतां आलें नाहीं, तें आज भाईंदरच्या चाळींतील अर्भकास सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें. मात्र ताप उतरला म्हणून औषध अर्ध्यावर सोडलें, तर जंतु अधिक निगरगट्ट होऊन परततो. शत्रु पाठ फिरवितो तेव्हांच गाफील राहूं नये, हा धडा मराठ्यांच्या इतिहासास तरी नवा नाहीं.