पंचिंगला जाणाऱ्या बायका

अमेरिकेतल्या मराठी घरांत वडीलधाऱ्यांची गोष्ट बहुधा आठ डॉलरपासून सुरू होते. परकीय चलनाची टंचाई होती, सरकार परदेशी जाणाऱ्याच्या हातावर आठच डॉलर ठेवायचं, आणि तेवढ्यावर माणूस न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरायचा. बाबांचीही गोष्ट हीच. १९४६च्या कायद्याने वर्षाला जेमतेम शंभर भारतीयांना अमेरिकेत कायमचं राहायला येता येत असे. १९६५ साली ती कोट्याची पद्धत गेली आणि इंजिनिअर, डॉक्टर, शास्त्रज्ञ यांना वाट मोकळी झाली. बाबा व्हीजेटीआयचे इंजिनिअर, सत्तर साली आले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणं आटोपली की ते आणि त्यांचे मित्र हे सगळं रंगवून सांगत. मग कोणीतरी आम्हा मुलांकडे बघून हमखास म्हणे, ‘ही पोरं दिवसभर कॉम्प्युटरवर बसतात, बापाच्या वळणावर गेलीत.’

मला ते तेव्हाही पटत नसे. आमच्या घरात कॉम्प्युटर आणला तो आईने, आणि तोही विकत घेण्याच्या कितीतरी आधी.

आई मराठी घेऊन बी.ए. झालेली. लग्न होऊन १९७२ साली जर्सी सिटीला आली. तिथे त्या बी.ए.ला कोण विचारणार? खालच्या मजल्यावरच्या गुजराती मासींनी तिला सांगितलं, ‘की-पंचचा कोर्स कर. इंग्लिश बोलावं लागत नाही, नुसतं वाचता आलं की झालं.’ मुंबईत टायपिंगची सरकारी परीक्षा तिने दिलेली होतीच. कोर्स करून ती एका विमा कंपनीत रात्रपाळीला लागली. बाबा संध्याकाळी कामावरून घरात आले की ती बाहेर पडायची, म्हणजे मुलं सांभाळायला बाई ठेवायचा खर्च वाचायचा. मंडळातल्या कितीतरी घरांत असंच चालायचं. ‘ती पंचिंगला जाते’ असं बायका एकमेकींबद्दल म्हणत. पुरुषांच्या गप्पांत त्याचा उल्लेखही नसे.

तिची कार्डं मला आठवतात. पिवळसर, कडक, एक कोपरा तिरका कापलेला. आडव्या ऐंशी जागा, प्रत्येक जागेवर उभ्या बारा ओळी. आकड्याला एक भोक, अक्षराला दोन. वाया गेलेली कार्डं ती घरी आणायची आणि आजी भारतातून आली की त्यांच्या पाठीवर वाणसामानाची यादी करायची: तूरडाळ, रवा, हिंग. भोकांतून पडलेल्या कागदाच्या टिकल्या आईच्या स्वेटरमधून सकाळी घरभर सांडायच्या.

या कार्डाचा इतिहास मी मोठेपणी वाचला. हर्मन हॉलेरिथने कार्डं मोजणारं यंत्र बनवलं ते १८९०च्या अमेरिकन जनगणनेसाठी. आधीच्या जनगणनेचे आकडे जुळवता जुळवता दशक सरत आलं होतं, माणसं तर बोटी भरभरून येतच होती. हॉलेरिथचे स्वतःचे आईवडील जर्मनीतून आलेले. त्याच्या कार्डावर वय आणि धंद्याबरोबरच माणूस कुठे जन्मला, त्याचे आईबाप कुठे जन्मले, यासाठीही भोकाची जागा होती. म्हणजे देशात आलेल्या परक्यांची नोंद करणं हेही या यंत्राच्या पहिल्या कामांपैकी एक होतं. ऐंशी रकान्यांचं कार्ड आयबीएमने १९२८ साली आणलं, आणि पुढे पन्नासेक वर्षं जगाचे हिशेब त्यावर चालले.

आईची खरी हुशारी पंचिंगच्या पुढच्या पायरीवर होती. वर्षभरात तिला ‘व्हेरिफायर’वर बसवलं. हे यंत्र दिसायला पंचिंगच्या यंत्रासारखंच, पण भोक पाडत नाही. एका मुलीने पंच केलेलं कार्ड त्यात घालायचं, मूळ कागद समोर ठेवायचा, आणि सगळा मजकूर पुन्हा पहिल्यापासून मारायचा. कळ आणि भोक जुळलं तर कार्ड पुढे सरकतं. जुळलं नाही तर कळफलक अडतो आणि लाल दिवा लागतो. पुन्हा मारायचं. तिसऱ्यांदाही जुळलं नाही, तर यंत्र त्या जागेच्या डोक्यावर, कार्डाच्या वरच्या कडेला, एक खाच पाडतं. सगळं कार्ड बरोबर निघालं तर खाच उजव्या कडेला. त्यामुळे गठ्ठा हातात घेऊन उजव्या कडेवरून नुसती नजर फिरवली तरी कुठलं कार्ड राहिलंय ते कळे. आई सांगायची, ‘जिने मारलं तिने तपासायचं नाही, एवढा एकच नियम. आपला डोळा आपलीच चूक बरोबर म्हणून वाचतो.’

१९८३च्या दिवाळीत आमच्याकडे कमोडोर ६४ आला. आदल्या वर्षी ५९५ डॉलरला निघालेलं यंत्र किमतींच्या लढाईत दोनशेच्या आसपास आलं होतं. ती लढाई लढणारा कंपनीचा संस्थापक जॅक ट्रॅमिएल हा पोलंडमधला ज्यू, ऑशविट्झमधून वाचलेला. अमेरिकेत येऊन तो ब्राँक्समध्ये टाइपरायटर दुरुस्त करायचा. त्या वेळी आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. टीव्हीला जोडलं की निळ्या पडद्यावर ३८९११ बाइट मोकळे आहेत आणि यंत्र तयार आहे, एवढं दिसायचं. गेम विकत घ्यायला पैसे नसत, पण मासिकांत अख्खे प्रोग्रॅम छापून येत. पानंच्या पानं नुसते आकडे, ‘डेटा’च्या ओळी. एक आकडा चुकला की सगळं बंद पडायचं.

आणि इथे आई माझ्या शेजारी येऊन बसली. कार्डं संपून तिचं खातं बंद झालं होतं आणि ती घरीच होती. ती मराठीत आकडे वाचायची, मी मारायची. ‘एकशे एकोणसत्तर, शून्य, एकशे एक्केचाळीस, बत्तीस, दोनशे आठ.’ पान संपलं की आम्ही जागा बदलायचो. मी मासिकातून वाचायची, ती पडद्यावर बोट ठेवून पडताळायची. नियम तिचाच. एका बाइटमध्ये २५५च्या पुढचा आकडा मावत नाही, त्यामुळे मराठी आकडे मी बरोबर ० ते २५५ एवढेच पक्के शिकले. पुढचे नंतर आजीने पाठ करून घेतले. पुढे प्रोसेसरची भाषा शिकले तेव्हा कळलं, १६९ म्हणजे ‘ही किंमत उचल’ आणि १४१ म्हणजे ‘ती अमक्या ठिकाणी ठेव’. हे हुकूम मी आईच्या आवाजात आधीच ऐकले होते.

सर्वांत आनंदाचा दिवस आकाशकंदिलाचा. कमोडोरवर हलतं चित्र काढायचं तर आडव्या चोवीस आणि उभ्या एकवीस चौकटी मिळत. प्रत्येक ओळीचे तीन आकडे, एकूण त्रेसष्ट. चौकट भरली की एक, रिकामी की शून्य, आणि आठ-आठ चौकटींना १२८पासून १पर्यंत किंमत. मी पुस्तिकेतलं हे समजावू लागले तर आईने हात वर करून मला थांबवलं. ‘भोक आहे, भोक नाही. मला काय सांगतेस?’ आलेखाचा कागद घेऊन तिने वरून सुरुवात केली. पहिल्या ओळीत मधल्या दोन चौकटी: ०, २४, ०. खाली ०, ६०, ०. मग ०, १२६, ०. मग ०, २५५, ०. कंदील रुंदावत गेला, मग निमुळता झाला, खाली तीन झिरमिळ्या आल्या. रात्री तो टीव्हीवर डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत तरंगत गेला. बाबा जेवण टाकून बघायला आले.

८७ साली जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळीने भारतीयांवर हल्ले केले. त्या वर्षी शाळेतून आल्यावर बाहेर जायचं नाही असा दंडक झाला, आणि माझा कॉम्प्युटरचा नाद आणखी पक्का झाला.

या सगळ्याला एक दुसरी बाजू होती, ती मामाची. मामा मुंबईत फोर्टातल्या विमा कार्यालयात, युनियनचा माणूस. साठच्या दशकात विमा कर्मचाऱ्यांनी कॉम्प्युटरविरुद्ध मोठा लढा दिला. कलकत्त्यात इलाको हाउस या विमा कार्यालयासमोर कामगार यंत्र आत येऊ नये म्हणून रात्रंदिवस पहाऱ्याला बसले होते. मामा आम्हाला त्या गोष्टी सांगायचा तेव्हा त्याचा आवाज चढायचा. एका उन्हाळ्यात आम्ही दादरला गेलो असताना मी कौतुकाने त्याला माझे प्रोग्रॅम सांगितले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आईला विचारलं, ‘ताई, तुझ्या पंचिंगच्या मुलींचं काय झालं गं?’

आई म्हणाली, ‘टर्मिनल आली. अर्ध्या जणींना घरी पाठवलं. त्यात मीही.’

मामा पुढे काही बोलला नाही. त्याचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. यंत्रावर माझं प्रेम आहे, माझं पोट त्याच्यावर चालतं. पण ज्या बायकांनी रात्री जागून त्या यंत्राला माहिती भरवली, त्यांनाच त्याने आधी बाहेर काढलं. हा इतिहास आमच्या आठ डॉलरच्या गोष्टींत कुठेच येत नाही, याचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो. आजही कित्येक प्रोग्रॅमर ओळ ऐंशी अक्षरांच्या आत ठेवतात. ती ऐंशीची मर्यादा आईच्या कार्डांवरून आली आहे.

यंदा मंडळाच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे आहे. जुन्या अंकांत पुरुषांच्या फोटोखाली पदवी आणि हुद्दा छापलेला असतो, बायकांच्या फोटोखाली नुसतं ‘सौ.’. मी एकेकीकडे जाऊन बसते आहे. ‘काय करत होतात?’ म्हटलं की उत्तर येतं, ‘काही नाही गं, पंचिंग.’ मग चहा होतो, आणि पाळ्यांच्या वेळा, सुपरवायझरचा स्वभाव, बर्फात बंद पडलेली बस, बोटांना लावायचं मलम, असं सगळं बाहेर येतं.

आईला विचारलं, तुझ्या फोटोखाली काय छापू?

‘व्हेरिफायर लिही,’ ती म्हणाली. ‘पंच ऑपरेटर नको. नव्या मुलीला त्या मशीनवर बसवत नसत.’