रोवणी ते प्रत्यारोपण

भंडारा-गोंदियाकडे पावसाळ्यात धानाची रोवणी चालते. पऱ्हे उपटायचे, मुळांचा चिखल पाण्यात खळबळून काढायचा, पेंढ्या बांधायच्या आणि चिखलणी झालेल्या बांधीत वाकून, उलट्या पावली सरकत दोन-चार काड्या एकेका जागी रोवत जायचं. कोकणात याच कामाला लावणी म्हणतात. रोपांना कुठं आवण, तर कुठं तरवा. तमाशातली लावणी याच शेतातून निघाली म्हणणारे आहेत, 'लावण्य'कडे बोट दाखवणारेही आहेत. तो वाद अजून मिटलेला नाही.

'रोवणे' दिसतं गावठी, पण घराणं जुनं. संस्कृत 'रुह्' म्हणजे वाढणे, वर चढणे. त्याचं प्रयोजक रूप 'रोपयति', म्हणजे वाढायला लावणे. लोकांच्या तोंडी 'दीप'चा दिवा झाला, तसा इथंही 'प'चा 'व' झाला. पोथीच्या वाटेनं आलेली भावंडं, 'रोपण' आणि 'आरोपण', मूळ 'प' राखून राहिली. कोर्टातला 'आरोप'ही त्यांच्यातलाच: दुसऱ्यावर चढवलेला.

उपटून पुन्हा लावण्याचा दाखला कालिदासाकडे मिळतो. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघू वंग देशाच्या राजांना उखडतो आणि ते पाया पडल्यावर पुन्हा गादीवर बसवतो. कवी त्यांना कलम जातीच्या भाताची उपमा देतो आणि शब्द वापरतो 'प्रतिरोपित'. (हा कलम भाताचा. हापूसचं कलम फारसीतून आलं.) भातासाठी नावाजलेल्या बंगालच्याच राजांना ही उपमा द्यायची, म्हणजे कवीचा भूगोल पक्का होता.

वैद्यकाला शब्द लागला तेव्हा मराठीत हेच मूळ कामी आलं, फक्त 'प्रति' आणि 'आ' असे दोन उपसर्ग लावून. डिसेंबर 1967मध्ये केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. फेब्रुवारी 1968मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं केलं; रुग्ण काही तासच जगला. 1994च्या कायद्यानं 'अवयव प्रत्यारोपण' सरकारी कागदावर पक्कं केलं.

घरात मात्र कुणी एवढा लांब शब्द वापरत नाही. 'किडनी बसवली' म्हणतात, नाहीतर 'बदलली'. धात्वर्थाला खरं जागतं ते केशरोपण: डोक्यामागची केसांची मुळं काढून पुढच्या टकलावर एकेक करून लावतात, आणि नव्या जागी ती वाढतातही.