ॲनाडेल: ड्युरँड चषकाचं पहिलं मैदान

बदलीचा हुकूम आला की घरची मंडळी तिथलं हवामान आणि मुलांची शाळा विचारतात. मी फुटबॉलचं मैदान विचारतो. कोल्हापूरच्या माणसाची ही खोड. तालमींचे सामने बघत वाढलेल्याला छोटं मैदान जवळचं वाटतं, जिथे आपण ओरडलेलं गोलकीपरला ऐकू जातं. शिमल्याला बदली झाली तेव्हा मात्र काही विचारावं लागलं नाही. आशियातली सर्वात जुनी फुटबॉल स्पर्धा जिथे सुरू झाली, ते ॲनाडेल मैदान तिथेच आहे.

पहिल्याच मोकळ्या रविवारी गेलो. कैथूकडून रस्ता उतरत जातो, दोन्ही बाजूंना देवदार. खाली पोचलं की डोंगराच्या कुशीत परातीसारखी सपाट जागा दिसते. शिमल्यात एवढी सपाट जमीन म्हणजे चैनच. आज तिथे हेलिपॅड आहे, गोल्फचं मैदान आहे, कडेला लष्कराचं संग्रहालय आहे. त्या दिवशी दोन युनिटच्या पोरांचा सामना चालू होता. प्रेक्षक जेमतेम तीस-चाळीस, त्यातले निम्मे राखीव खेळाडू. चेंडू जोरात बाहेर गेला की कुणीतरी देवदारांत पळायचं आणि बाकीच्यांनी कमरेवर हात ठेवून दम खायचा. समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांवर ही विश्रांती सगळ्यांनाच हवी असते. मी धापा टाकणाऱ्या संघाच्या बाजूने ओरडलो. अनोळखी गावात कुणाच्या बाजूने व्हायचं, हे मी नेहमी असंच ठरवतो.

१८८८ साली सर हेन्री मॉर्टिमर ड्युरँड हे हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव होते. शिमला उन्हाळी राजधानी, त्यामुळे साहेबांचा मुक्काम इथेच. सैनिकांची तब्येत आणि हुरूप टिकावा म्हणून त्यांनी ही स्पर्धा सुरू केली. पाच वर्षांनी याच गृहस्थांनी अफगाणिस्तानच्या अमिराशी सरहद्दीचा करार केला. ती ड्युरँड रेषा अजून धुमसते आहे. मला विचाराल तर साहेबांनी आखलेल्या रेषांपैकी टचलाइनच बरी निघाली.

पहिल्या अंतिम सामन्यात रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सने हायलंड लाइट इन्फंट्रीला २-१ असं हरवलं. तेव्हा काल्क्यापर्यंतही रेल्वे नव्हती, ती १८९१ साली आली. शिमल्याची छोटी गाडी तर १९०३ ची. म्हणजे संघांनी आधी डोंगर चढायचा आणि मग फुटबॉल खेळायचा. हायलंड लाइट इन्फंट्रीने पुढे १८९३ ते १८९५ अशी सलग तीन वर्षं स्पर्धा जिंकली आणि चषक कायमचा घेऊन गेली. ड्युरँडनी दुसरा दिला. तो १८९७ ते १८९९ मध्ये ब्लॅक वॉचने तसाच नेला. मग तिसरा आला. १९०४ साली शिमल्याच्या रहिवाशांनी आपली वेगळी ट्रॉफी दिली. ती शिमला ट्रॉफी आजही विजेत्याला मिळते.

हा सगळा गोऱ्या पलटणींचा खेळ होता. १९४० साली स्पर्धा दिल्लीला गेली आणि त्याच वर्षी मोहम्मडन स्पोर्टिंगने अंतिम सामन्यात रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ ने हरवलं. चषक उचलणारा तो पहिला हिंदी संघ. ॲनाडेलच्या देवदारांना हे बघायला मिळालं नाही, याची मला उगाच हळहळ वाटते. शिमल्यातून स्पर्धा गेली आणि परत आली नाही. दिल्लीत बरीच दशकं काढून ती २०१९ साली कोलकात्याला गेली.

स्वातंत्र्यानंतर आपल्या पलटणींनीही नाव काढलं. वेलिंग्टनच्या मद्रास रेजिमेंटल सेंटरने १९५५ आणि १९५८ साली चषक जिंकला. त्यांच्या गोलपोस्टमध्ये उभा असायचा पीटर थंगराज. हा जवान मेलबर्न आणि रोम अशी दोन ऑलिम्पिक खेळला. गोरखा ब्रिगेडने १९६६ आणि १९६९ साली बाजी मारली. त्यानंतर लष्करी संघाला २०१६ पर्यंत थांबावं लागलं. आर्मी ग्रीनने दिल्लीत नेरोकाला पेनल्टींवर ६-५ ने हरवलं, तेव्हा आमच्या मेसमध्ये ताटं वाजली होती. आता समोर पगारी व्यावसायिक क्लब असतात, परदेशी खेळाडू असतात. आमचा पोरगा सकाळी परेड करून सरावाला जातो. त्यामुळे आर्मीचा संघ गटातून वर सरकला तरी मला पुरेसं होतं.

ॲनाडेल दुसऱ्या महायुद्धापासून लष्कराकडे आहे. ते परत द्यावं, अशी शिमल्याच्या लोकांची आणि राज्य सरकारची जुनी मागणी आहे. दरड कोसळली, रस्ते बंद झाले की हेलिकॉप्टर उतरायला दुसरी जागा कुठे, असं लष्कराचं म्हणणं. वर्दीतल्या माणसाने या वादात पडू नये, पण एवढं म्हणतो की दोन्ही बाजू खऱ्या आहेत. शिमल्याच्या पोरांना खेळायला सपाट जागा नाही, हे मी रोज डोळ्यांनी बघत होतो. गल्लीत चेंडू निसटला की तो तीन वळणं खाली जाऊन सापडतो. वर्षातून एकदा तरी इथे गावची पोरं विरुद्ध जवान असा सामना व्हावा. हेलिपॅडला त्याने काही धक्का लागणार नाही.

कधी शिमल्याला गेलात तर मॉल रोडवर दिवस घालवू नका, संग्रहालयाची वेळ विचारून खाली उतरा. मैदानात जायला परवानगी लागते, पण कडेवरून सगळं दिसतं. परतीची चढण मात्र दमवते. गुडघे दुखत असतील तर येताना टॅक्सी करा.