गावामागून गाव : अफझलखानाच्या पोवाड्यातील भय

पोवाडा म्हटले की वीररसाचीच आठवण होते. परंतु शौर्य उभे करावयाचे तर शाहिराला आधी भय उभे करावे लागते. ते वर्णनापेक्षा रचनेतून कसे साधते, हे अज्ञानदासाच्या अफझलखानवधाच्या पोवाड्यात पाहावे. प्रतापगडची घटना १० नोव्हेंबर १६५९ ची. पोवाडा त्याच काळातला. उपलब्ध पोवाड्यांत तो सर्वांत जुना मानला जातो. ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहात तो आहे.

खान निघाला की शाहीर विशेषणांच्या मागे लागत नाही. तो गावे सांगतो : तुळजापूर, माणकेश्वर, करकंब आणि पुढे वाई. गाव बदलते, वाक्याचा साचा बदलत नाही; एक मुक्काम सुटतो, दुसरा गाठला जातो. चरण आखूड आहेत. फौज थांबत नाही, म्हणून श्रोत्यालाही विसावा नाही. झीलकऱ्यांनी चरणाचा शेवट उचलून धरला की तेच गाव दुसऱ्यांदा कानी पडते, आणि अंतर तेवढे कमी होते.

भालकी, बसवकल्याण, आळंद या भागांतील ज्या घराण्यांची कुलस्वामिनी तुळजाभवानी आहे, त्यांना हा साचा परका नाही. लग्नानंतरच्या गोंधळात गोंधळी संबळाच्या ठेक्यावर तुळजापूर, माहूर, कोल्हापूर अशी क्षेत्रांची नावे घेऊन देवतांना पाचारण करतो. नाव नवे, आवाहन तेच. तेथे पुनरुक्ती अभय देते, कारण जवळ येतात ते देव. पोवाड्यात त्याच रीतीने जवळ येतो तो वैरी. जुने पोवाडे गाणाऱ्यांत गोंधळीही होते. तेव्हा हा उलटा फेर त्या काळच्या श्रोत्यांना जाणवला असावा, असे आम्हांस वाटते.

मात्र एक सावधगिरी हवी. हा पोवाडा विजयानंतरचा आणि विजेत्यांच्या पदरचा आहे. वाटेवरच्या प्रत्येक कृत्याचा तो निर्विवाद पुरावा नव्हे. भय कसे आठवणीत राहिले, याचा मात्र तो अस्सल पुरावा आहे.

१९४८ च्या रझाकारी दिवसांच्या हकिगती आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितल्या, त्याही अशाच. कोणी काय केले हे मागाहून येई. आधी येत ती गावांची नावे, एकामागून एक, आपल्या गावाच्या अलीकडच्या गावापर्यंत. तेथे सांगणारा थांबे. त्या थांबण्यातच सारे कळे.