पत्रकार आणि परराष्ट्र धोरण : बांगलादेश, १९७१

पत्रकारांचा परराष्ट्र धोरणावर प्रभाव पडतो हे सारेच मान्य करतात. तो नेमका कुठे पडतो, हे १९७१ च्या घडामोडींत स्पष्ट दिसते. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या ढाक्यात कत्तल आरंभली आणि परदेशी वार्ताहरांना हॉटेलात कोंडून मग देशाबाहेर काढले. एप्रिलमध्ये सारे आलबेल असल्याचे दाखवण्यासाठी लष्करानेच आठ पाकिस्तानी पत्रकारांचा दौरा काढला. सात जणांनी सांगितले तसे लिहिले. आठवे अँथनी मस्कारेन्हास : जन्म बेळगावचा, कुटुंब गोमंतकीय, नोकरी कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’मध्ये. कुमिल्ल्याच्या ऑफिसर्स मेसमध्ये, दिवसभरात कोणी किती मारले याचे हिशेब अधिकारी रात्री गप्पांच्या ओघात मांडत. ते मस्कारेन्हास यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले. लंडन गाठून त्यांनी ‘संडे टाइम्स’ला सारे सांगितले आणि पत्नी-मुले सुखरूप बाहेर पडल्यावर, १३ जूनला, तो वृत्तांत छापून आला.

यामुळेच भारत युद्धात उतरला, हा दावा टिकत नाही. पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव लोकसभेने ३१ मार्चलाच केला होता, आणि वर्षअखेरीस सुमारे एक कोटीवर गेलेले निर्वासित दिल्लीला स्वस्थ बसू देणारे नव्हते. तरीही, ‘संडे टाइम्स’चे संपादक हॅरल्ड एव्हान्स यांच्या सांगण्यानुसार, या वृत्तांतामुळेच आपण युरोपात आणि मॉस्कोत मोहीम उघडली, असे इंदिरा गांधी त्यांना म्हणाल्या होत्या. संपादकाशी बोलताना राजकारणी थोडे गोड बोलणारच. पण त्यात तथ्य आहे. दिल्ली मार्चपासून जे सांगत होती ते शेजाऱ्याचे गाऱ्हाणे म्हणून सोडून देता येत होते. लष्कराच्याच पाहुण्याची साक्ष तशी झटकता येईना. म्हणजे प्रभाव पडला तो निर्णयावर कमी, त्या निर्णयाच्या विश्वासार्हतेवर अधिक.

याहून अवघड आक्षेप वॉशिंग्टनचा. तीच वृत्तपत्रे वाचूनही अध्यक्ष निक्सन ढळले नाहीत, कारण चीनशी गुप्त संधान पाकिस्तानमार्फत चालू होते. मात्र बंदी असूनही अमेरिकी शस्त्रे पाकिस्तानला जात असल्याचे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जूनमध्ये उघड केल्यावर अमेरिकी काँग्रेसमध्ये संताप उसळला आणि ऑगस्टमध्ये प्रतिनिधिगृहाने पाकिस्तानची मदत रोखण्याच्या बाजूने कौल दिला. अध्यक्षांना बातमी हलवू शकली नाही, पण त्यांच्या तिजोरीवर हक्क सांगणाऱ्यांना तिने हलवले. पाकिस्तानकडे झुकण्याचा व्हाइट हाउसचा आदेश नोंदवणारी बैठकांची गुप्त इतिवृत्ते स्तंभलेखक जॅक अँडरसन यांनी जानेवारी १९७२ मध्ये जशीच्या तशी प्रसिद्ध केली आणि त्यांना पुलित्झर मिळाले. पाकिस्तानी लष्कराच्या ढाक्यातल्या शरणागतीवर सह्या त्याआधीच, १६ डिसेंबरला, झाल्या होत्या.